जुनी कॅम्पर बघायला पावसातच जा

आमचं कोल्हापुरात उद्यमनगरात ट्रक-टेम्पोच्या बॉडी बांधायचं शेड आहे. हे वेल्डिंगला, मी हिशेबाला आणि गिऱ्हाइकांशी भांडायला. शिवाय २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतलं घर पाण्यात गेल्यावर आम्ही दोघं पाच महिने स्वतःच बांधलेल्या ४०७ टेम्पोमध्ये राहिलो. त्यामुळं चाकावरच्या घराबद्दल पत्रं आली की संपादक ती माझ्याकडं ढकलतात. या महिन्यात तीन निवडली आहेत. पहिलं मोठं आहे.

प्रश्न : काकू, मी साखर कारखान्यात सीझनला लॅब केमिस्ट असतो. चार सीझनमध्ये तीन कारखाने झाले. दर वेळी खोली शोधा, डिपॉझिट भरा, गॅस-भांडी हलवा, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत सगळं गुंडाळून बावड्याला या. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायकोच म्हणाली, राहायची गाडीच घेऊया. साडेचार लाख जमवलेत. एप्रिलमध्ये मिस्त्रीला घेऊन तीन गाड्या बघितल्या. एक, २०१२ ची टेम्पो ट्रॅव्हलर, गोव्याचा नंबर, आत पलंग, ओटा, बेसिन, ४ लाख ६० हजार. दोन, गाडीमागं ओढायचा चौदा फुटी ट्रेलर, दीड लाख. मालक म्हणतो, ट्रेलरला कागद लागत नाहीत. माझ्याकडं बोलेरो आहे. तीन, जुनी स्कूल बस, २ लाख ८० हजार, आतून रिकामी. मिस्त्री म्हणतो ट्रॅव्हलर आणि बस, दोन्हींची इंजिनं चांगली आहेत. कोणती घेऊ? आणि मला अरे-तुरेच करा. — कसबा बावडा

उत्तर : बाळा, एप्रिलमध्ये गळकी गाडी आणि धड गाडी सारखीच दिसते. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आणि मिस्त्री नेलास तो इंजिनाचा. इंजिनाची काळजी कोल्हापुरात करायची नसते, ते उघडून परत बसवणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत. राहायच्या गाडीत पैसे बुडतात ते छपरात.

आमचंच सांगते. २०१७ साली आम्ही विकायला म्हणून एक तयार कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, घेतली. ३ लाख १० हजार. आतून नवी कोरी सनमायका, पडदे, छोटे दिवे. यांनी खालचा चासी, पाटे, क्रॉस मेंबर सगळं बॅटरी मारून बघितलं. मी आत चढले आणि म्हटलं, ओल्या गोणपाटाचा वास येतोय. विकणारा हसला, म्हणाला, बंद होती ना वहिनी, म्हणून. हेही हसले. जूनच्या पहिल्या पावसात पलंगाच्या डोक्याशी पाणी ठिबकायला लागलं. सनमायका उचकटली तर मागचा प्लाय हाताला पदरानं सुटून आला, आणि त्यामागची लाकडी रीप बोटांनी चुरगाळली तर खोबऱ्याचा चोथा. छपरापासून खिडकीपर्यंत एक अख्खी बाजू खोलावी लागली. आमचं स्वतःचं शेड, स्वतःची माणसं, तरी पंच्याऐंशी हजार गेले. तुला बाहेर दीड लाख सांगतील. तेव्हापासून गाडी बघायला हे आधी खाली वाकतात आणि मी आधी आत जाऊन नाक लावते.

तर आता पाऊस आहे तोवर परत जा. दोन दिवस झड लागून गेल्यावर गेलास तर उत्तम. मालकाला फोन करून आदल्या रात्री सांगू नको, सकाळी निघताना सांग. आत गेल्यावर दार लावून दोन मिनिटं नुसता उभा राहा. अगरबत्तीचा नाहीतर फिनेलचा वास आला तर जास्त सावध हो. मग अंगठा वापर. छपराचे चारही कोपरे, खिडक्यांचे खालचे कोपरे, वर हवेसाठी पाडलेल्या झरोक्याची कड, बेसिनखालची जमीन, चाकांवरचे उंचवटे, आणि पलंगाच्या पेटीच्या आत, जिथं कुणी रंग मारत नाही. जोर लावून दाब. कोरडा प्लाय दबत नाही, आणि बोटाच्या पेरानं वाजवला तर टणक वाजतो. भिजलेला भद्द वाजतो. एकाच ठिकाणी सनमायकाचा रंग वेगळा दिसला, किंवा एकाच कोपऱ्यात नवीन सिलिकॉन चोपडलेलं दिसलं, तर तिथंच रोग आहे असं समज. पाऊस नसला तर नळी लावून छपरावर वीस मिनिटं पाणी सोडायला सांग. ‘कशाला उगाच’ म्हणाला की चहा न घेता परत ये.

बाहेरून पत्र्यावर चुंबक फिरव. फ्रिजवरचं चालतं, फडक्यात गुंडाळ म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. (फायबर नाहीतर अॅल्युमिनियमची बॉडी असली तर चुंबक कुठंच चिकटणार नाही, हे आधी बघ, नाहीतर माणसाशी फुकट भांडशील.)

आणि आपल्या भागात आणखी एक बघायचं असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून किती हातांतून फिरल्या त्याला गणती नाही. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पट्ट्याचा आतला भाग कुणी धूत नाही, तिथं गाळाची रेघ राहते. फ्यूज बॉक्सचं झाकण काढून कोपऱ्यात बारीक माती आहे का बघ. ती माती असली तर इंजिन कितीही गोड वाजू दे, वायरिंग तुला वर्षभर रडवेल.

आता एकेक गाडी.

ट्रेलर पहिल्यांदा काढून टाकते. ‘कागद लागत नाहीत’ हे धादांत खोटं. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो. बिनकागदी ट्रेलर घेऊन तू टोलनाक्याच्या पुढं गेलास आणि काही लागलं-धडकलं तर विमा कंपनी हात वर करेल. कागद असते तरी मी म्हटलं असतं की चौदा फुटी डबा बोलेरोमागं आंबा घाटात ओढणं हे शिकायचं काम आहे. ट्रेलरचा पुढचा भार हुकवर साधारण एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका पडावा लागतो. सामान मागं भरलं, हुक हलका झाला, की उतारावर मागचा डबा शेपटी हलवायला लागतो आणि पुढची गाडीही हलवतो. त्याला ब्रेक आहेत का, असले तर लागतात का, हे तू पत्रात लिहिलेलंच नाहीस. म्हणजे बघितलं नसशील.

स्कूल बस मला आवडली, खरं सांगते. पोटातून रिकामी गाडी म्हणजे लपवायला काही नाही, सगळं उघडं. पण हिशेब कर. खाली प्लाय, बाजूला थर्माकोल नाहीतर फोमचा थर, त्यावर शीट, पलंग, ओटा, टाकी, वायरिंग, बॅटरी, छपराला झरोका. आमच्या शेडमध्ये हात आखडून केलं तरी २ लाख ऐंशीची बस पाच-साडेपाचावर जाऊन उभी राहते. त्यात आरटीओचं वेगळं. गाडीच्या नोंदीत जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आधी परवानगी लागते. आधी करून मग बघू हा मार्ग नाही. आणि बसचं एकूण वजन आरसीवर किती आहे ते बघ, साडेसात टनांच्या वर असलं तर तुझं हलक्या वाहनाचं लायसन्स चालणार नाही.

राहिली ट्रॅव्हलर. तीच घे, पण ४ लाख ६० ला नाही.

आधी आरसी हातात घे, मोबाइलवरचा फोटो नको. त्यावर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय? कॅम्पर व्हॅन असं लिहिलं असेल आणि खाजगी वापराची असेल तर ती बिगर-परिवहन गाडीत मोडते, पांढरी पाटी. पण आरसीवर प्रवासी गाडी आणि आत पलंग असं असलं तर ती कुणीतरी परस्पर केलेली गाडी आहे. मग नोंद दुरुस्त करून देणं हे मालकाचं काम, तुझं नाही, आणि तोवर एक रुपयाही द्यायचा नाही. चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी ताड. कागद ठेवून वरून पेन्सिल घासलीस की आकडे उमटतात, आरटीओत तेच करतात.

गोव्याचा नंबर हे दुसरं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नंबर बदलावा लागतो. त्याला तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, बदलीला २९ आणि ३०, कर्ज असलं तर ते फिटल्याचा ३५, आणि इथला रोड टॅक्स वेगळा. हा टॅक्स किती पडतो ते ताराबाई पार्कात आरटीओसमोर बसणाऱ्या एखाद्या एजंटाकडून आधी काढून घे आणि तो आकडा गाडीच्या किमतीतूनच वजा करून बोलणी कर. गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ ला नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर. हेही मालकाला गोड आवाजात सांग.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असलं तर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर उभ्या गाडीत कडक होऊन तडकतो. सहा टायर म्हणजे थोडी रक्कम नाही. एवढं सगळं वजा करून तू चार लाखांच्या खाली आलास तर घे. पन्नास हजार हातात राहिलेच पाहिजेत. राहणार नसतील तर अजून एक सीझन खोलीत काढ.

वजन करायला तुला लांब जायला नको, तुझ्या कारखान्याचाच काटा आहे. एकदा नुसती पुढची चाकं काट्यावर, एकदा पूर्ण गाडी, आणि आरसीवरच्या आकड्याशी ताळा. लोक फर्निचर करताना वजन विसरतात. अठरा एमएमचा एक आठ बाय चारचा प्लाय पस्तीस किलोच्या आसपास भरतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. दोन टाक्या, एक टुब्युलर बॅटरी आणि तुम्ही तिघं बसलात की बघ किती उरतंय.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची साधी बॅटरी अर्धीच वापरायची, म्हणजे हाताशी ९०० वॉट-अवर. पंखा तीस वॉटचा घेतलास, दिवे, फोन, तुझा लॅपटॉप धरून रात्रीला साडेचारशेच्या आसपास जातात. दोन दिवस निघतात. फ्रिज लावलास की एकच दिवस. तुझा सीझन कोरड्या दिवसांत, त्यामुळं सोलर तुला साथ देईल, पण कारखान्याच्या चिमणीची काजळी तुला माहीत आहे. पॅनेल रोज फडक्यानं पुसायचं काम मुलीला देऊ नको, छपरावर चढावं लागतं.

कारखान्याच्या कॉलनीतून वायर ओढून घेणार असशील तर हे वाच आणि मगच घे. आम्ही ४०७ मध्ये राहत होतो तेव्हा शेडमधल्या सॉकेटवरून वीज घेतली होती. एका सकाळी मी ओल्या पायांनी खाली उतरले आणि दाराची कडी धरली. हाताला मुंग्या आल्या, कोपरापर्यंत. सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं होतं आणि आतल्या एका खराब वायरीतून अख्ख्या बॉडीत करंट उतरला होता. गाडी रबरी टायरवर उभी, करंट जमिनीत जाणार कुठून? तो माझ्यातून गेला. त्याच दिवशी यांनी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवली. घरात चार वर्षांची पोर आहे, चप्पल न घालता उड्या मारणारी. टाइल्स नंतर बसव, ही आधी.

गॅस छोटा, पाच किलोचा ठेव, आणि तो ठेवायच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, वरची खिडकी उघडून जात नाही. रबरी नळीवर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायची. झोपताना वरचा झरोका दोन बोटं उघडा ठेव, थंडी असली तरी. डिसेंबरात आम्ही सगळं गच्च बंद करून झोपायचो आणि पहाटे उघड्या पत्र्यावरून थेंब यांच्या कपाळावर पडायचा. हे म्हणायचे छप्पर गळतंय. छप्पर धड होतं, आमच्याच श्वासाचं पाणी होतं ते.

शेवटचं, जे तू विचारलंच नाहीस. तू राहणार कोरड्या दिवसांत आणि गाडी मार खाणार ओल्या दिवसांत, बावड्यात, रिकामी. निळी ताडपत्री घट्ट आवळून बांधू नको, आत घाम धरून पावसाइतकंच नुकसान होतं. वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या, आणि आठवड्याला दारं उघडायची. कुठं उभी करतोस तेही बघ. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे बावडेकराला मी सांगायला नको. ३९ ला चावी लावायची, ४३ ची वाट बघायची नाही. त्यासाठी बॅटरी जूनमध्येही चार्ज असली पाहिजे. आमच्या गल्लीत २०१९ ला दोन गाड्या सेल्फ मारत मारतच बुडाल्या.

प्रश्न : काकू, आम्ही दोघी मैत्रिणी निवृत्तीनंतर जुनी कॅम्पर घेऊन वर्षातले चार-सहा महिने तिच्यातच राहायचं म्हणतोय. एक पसंत पडली आहे, पण तिच्यात संडास नाही. करून घ्यावा का? — इचलकरंजी

उत्तर : ताई, बांधीव करू नका. बांधीव संडास म्हणजे खाली मैल्याची टाकी, आणि ती रिकामी करायला आपल्याकडं सोय शोधत फिरावं लागतं. लोक मग रात्री नाल्यात सोडतात. पंचगंगेला तेवढं कमी आहे का? त्यापेक्षा सुटा, डब्याचा पोर्टेबल संडास मिळतो, वर बैठक, खाली झाकणाची टाकी. फक्त रात्री-अपरात्री वापरायचा आणि दिवसा घराच्या किंवा लॉजच्या संडासात ओतून धुवायचा. दोघींना दीड-दोन दिवस पुरतो. गुडघे दुखत असतील तर बैठकीची उंची बसून बघून घ्या, बरेचसे बुटके असतात. दुकानदार लाजला तर लाजू दे.

प्रश्न : शेतात रानडुकरांच्या राखणीला आणि आता वयामुळं एकटंच निवांत राहायला खोली हवी आहे. भावाचा उसाचा जुना ट्रेलर पडून आहे. त्यावरच पत्र्याची खोली केली तर? — भुदरगड तालुक्यातून एक आजोबा

उत्तर : आजोबा, ट्रेलर हलवायचा नसेल तर तो चाकावर हवाच कशाला? उसाच्या ट्रेलरची फळी जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच, रात्री लघवीला उतरायचं म्हणजे तुमचा पाय घसरायची वाट बघणं. हलवायचा असेल तर त्यावर खोली चढवून रस्त्यावर आणता येणार नाही, त्याची नोंद शेतीच्या ट्रेलरची आहे. आणि वरचा डबा जड झाला की बांधावर एका चाकानं खचून आडवा होतो.

जुना वीस फुटी कंटेनर बघा. वीस बाय आठ फूट, आत तुम्ही ताठ उभे राहता. रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, त्यामुळं क्रेन शेतापर्यंत येते का हे घ्यायच्या आधी बघा, पाणंदीतल्या चिखलात ती अडकली तर क्रेनचं भाडं तासावर चढतं. घेताना आत जाऊन भावाला बाहेरून दार लावायला सांगा. दिवसा आत अंधारात उभं राहून वर बघितलं की जिथं छिद्र आहे तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. ठिपके खडूनं गोल करून ठेवा. चार कोपऱ्यांखाली दीड फूट दगडी चौथरे, म्हणजे खाली वारा खेळतो आणि साप-विंचू दिसतात. छपरावर गवताचा नाहीतर उसाच्या पाल्याचा जाड थर टाका, त्याशिवाय एप्रिलच्या दुपारी आत बसवणार नाही. दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या कापून घ्या, आणि आतून उघडणारी कडी बसवा. कंटेनरच्या मूळ दाराला ती नसते, बाहेरून कुणी अडसर सरकवला तर तुम्ही आत.